प्लेगची टोचणी, कोरोनाची लस आणि वस्तीचा प्रश्न

जून २०२१. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आम्ही एक टेबल, दोन खुर्च्या आणि तीन मोबाइल घेऊन बसलो होतो. कोविनवर लोकांची नोंदणी करून द्यायची, स्लॉट मिळाला की निरोप पोचवायचा, एवढेच काम. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी आल्या. आधारकार्ड पुढे केले आणि नोंदणी होईपर्यंत उभ्या उभ्याच बोलल्या, "बाळांनो, लस घेतली नाही तर बाई सोसायटीत शिरू देत नाही. घेतली आणि ताप आला तर दोन दिवसांचा खाडा धरते. मग ही लस माझ्यासाठी आहे की बाईसाठी?"

आम्ही हसलो. पण उत्तर कुणाकडेच नव्हते.

त्याच काळात टीव्हीवर दोन प्रकारची माणसे भांडत होती. एकांच्या मते लसीबद्दल प्रश्न विचारणारा प्रत्येक माणूस अडाणी आणि समाजाचा शत्रू. दुसऱ्यांच्या मते लस म्हणजे परदेशी कंपन्यांचा कट, त्यापेक्षा काढा प्या आणि गोमूत्र घ्या. मावशींचा प्रश्न या दोघांच्याही तोंडी नव्हता. त्या लसीला नाही म्हणत नव्हत्या. त्या हिशेब मागत होत्या. या औषधाचा फायदा कुणाला, त्रास कुणाला आणि खाडा कुणाचा?

हा हिशेब आजचा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबई इलाख्यात प्लेग आला, जगातली पहिली प्लेगची लस मुंबईतच तयार झाली, तेव्हापासून तो उधार आहे. शाळेच्या पुस्तकात प्लेग म्हटले की रँड आणि चापेकर एवढेच शिकवतात. एका बाजूला जुलमी गोरा अधिकारी, दुसऱ्या बाजूला धर्मरक्षक तरुण, संपला इतिहास! त्या साथीत जे सर्वांत जास्त मेले, ज्यांनी प्रेते उचलली, गटारे उपसली आणि ज्यांच्या अंगावर लसीचा पहिला पुरावा उभा राहिला, ते या गोष्टीत कुठे आहेत? म्हणून आम्हाला हा इतिहास पुन्हा मांडावा लागतो.

आधी देवीची लस

लसीचा वाद प्लेगच्याही आधीचा आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली लस. आपल्या आजीपणजीच्या भाषेत याला "देवी काढणे" म्हणत. त्या काळी फ्रिज नव्हता, बाटलीत लस टिकत नव्हती. म्हणून एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव काढून तो दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचत. लस एका माणसाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात अशी प्रवास करत होती.

जातीच्या देशात याचा अर्थ काय झाला असेल, ते वेगळे सांगायला नको. फोडाचा द्रव देण्यासाठी बहुधा गरिबांची आणि खालच्या मानलेल्या जातींची मुले धरली जात. त्या मुलांच्या आईबापांना भीती वाटे की पिकलेला फोड पुन्हा फोडल्याने आपले लेकरू दगावेल. उलट सवर्ण कुटुंबांची तक्रार अशी की हलक्या जातीच्या अंगातला द्रव आमच्या मुलाच्या रक्तात कसा घालायचा? पुढे वासराच्या अंगावर लस वाढवू लागले, तेव्हा गाईच्या नावाने तक्रार सुरू झाली.

दोन्ही तक्रारींना इंग्रज अधिकारी एकच नाव देत, "नेटिवांचा अंधविश्वास". पण त्या एक नव्हत्या. एक तक्रार लेकराच्या जिवाची होती, दुसरी जातीच्या शुद्धतेची. आजही लसीला विरोध करणाऱ्या सगळ्यांना एकाच पोत्यात भरले जाते, तेव्हा हीच चूक पुन्हा होते.

मांडवी, १८९६

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या गोदामांजवळ, उंदीर पडू लागले आणि पाठोपाठ माणसे. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा ताप म्हणजे प्लेग आहे हे ओळखले आणि जाहीरपणे सांगितले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्युनिसिपालिटीने हुकूम काढला. रोग्याला जबरदस्तीने हॉस्पिटलात न्यायचे, घर सील करायचे, सामान जाळायचे.

चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला हॉस्पिटल म्हणजे काय वाटत होते? तिथे गेलेला माणूस परत येत नाही, एवढेच त्याने पाहिले होते. लोक आजारी माणसाला लपवून ठेवत आणि अगदी शेवटच्या घटकेला त्याला नेले जाई, त्यामुळे तिथे मृत्यूही जास्त होत. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग हॉस्पिटलवर हल्ला केला. त्यानंतर म्युनिसिपालिटीने हुकूम सैल केला.

पण हुकूम सैल होण्यामागे आणखी एक कारण होते आणि ते फारसे सांगितले जात नाही. शहरातून लोक पळत होते. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांना खरी धास्ती होती ती हलालखोरांची, म्हणजे मैला आणि कचरा उचलणाऱ्या सफाई कामगारांची. ते शहर सोडून गेले तर मुंबईत राहणेच अशक्य होईल, हे प्रशासनाला पक्के ठाऊक होते. म्हणजे पाहा! ज्यांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्यांच्याशिवाय साम्राज्याचे पहिल्या दर्जाचे शहर चार दिवस चालत नव्हते. त्यांची किंमत सरकारला कळली होती, पण ती कामापुरती. त्यांच्या जिवाची किंमत त्या हिशेबात कुठेच नव्हती.

हाफकिनची लस आणि आकड्यांचा वाद

ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले. ओडेसाचे ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. कॉलऱ्याची लस घेऊन १८९३ मध्ये ते भारतात आले होते. कलकत्त्याच्या बस्त्यांमध्ये लोकांनी त्यांना दगड मारले होते, तेव्हा त्यांच्या सोबतच्या भारतीय डॉक्टरांनी सर्वांसमोर आधी स्वतःला टोचून घेतले आणि मग लोक पुढे आले. विश्वास कसा मिळतो, हे हाफकिन तिथे शिकले होते.

ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा स्वतःच्या अंगात टोचली. ताप आला, वेदना झाल्या, पण ते वाचले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस दिली. सुमारे निम्म्या कैद्यांनी ती घेतली. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. घेतलेल्यांत दोघांना झाला आणि एकही मेला नाही.

पुढच्या वर्षी बडोद्याजवळच्या उंढेरा गावात आणखी काटेकोर तपासणी झाली. प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस दिली, निम्म्यांना नाही. लस घेतलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडले, ३ मेले. न घेतलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडले आणि त्यातले २६ मेले.

लस काम करत होती. यात शंका नाही आणि बहुजन समाजाने ती ठेवूही नये. पण त्या काळच्या डॉक्टरांनी घेतलेले आक्षेपही खरे होते. ते म्हणत, शहरात लस घेणारा माणूस बहुतेक करून शिकलेला, बऱ्या घरात राहणारा. तो लसीमुळे वाचला की उंदीर नसलेल्या घरामुळे, हे कसे ठरवायचे? लस न घेतलेले नेमके किती होते, याची तरी नीट मोजणी झाली आहे का? १८९८-९९ च्या भारतीय प्लेग कमिशनने हे प्रश्न घेतले, हाफकिनच्या आकड्यांवर आणि लसीचा डोस ठरवण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले आणि तरीही निष्कर्ष दिला की लस रोग होण्याचे आणि मरण्याचे प्रमाण कमी करते, मात्र ती संपूर्ण संरक्षण देत नाही. शंका विचारून झाल्यावर मिळालेले हे उत्तर होते, म्हणून ते जास्त भक्कम होते.

आता यात आमचा प्रश्न. पक्का पुरावा कुठून आला? तुरुंगातून आणि खेड्यातून. कैदी "स्वेच्छेने" पुढे आले असे नोंदले गेले. तुरुंगात प्लेग शिरलेला, दाराला कुलूप, समोर साहेब उभा. अशा जागी स्वेच्छा म्हणजे काय? उंढेऱ्याच्या ज्या २६ माणसांच्या मरणाने लसीची परिणामकारकता सिद्ध झाली, त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत का? हाफकिनने स्वतःला आधी टोचले, हा त्यांचा मोठेपणा आम्ही मान्य करतो. पण विज्ञानाच्या इतिहासात पहिल्या माणसाचे नाव राहते आणि बाकीचे आकडा होतात. तो आकडा आपल्या माणसांचा असतो.

स्पर्शाच्या दोन तक्रारी

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथीचे रोग अधिनियम केला. अवघ्या चार कलमांचा कायदा. सरकारला वाटेल तो उपाय करण्याचा अधिकार, न मानणाऱ्याला शिक्षा आणि अधिकाऱ्याने सद्हेतूने काही केले तर त्याच्यावर दावा नाही. लोकांच्या हक्काचे एकही कलम नाही. पुण्यात प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून वॉल्टर रँड आला, गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊ लागले. सोवळ्यातले स्वयंपाकघर, देवघर, बायकांची तपासणी, रस्त्यावर फेकलेले सामान. यातला जुलूम खरा होता, तो आम्ही नाकारत नाही. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली.

त्या वेळच्या पुण्याच्या वर्तमानपत्रांतल्या तक्रारींचे एक मोठे सूत्र होते, "त्यांनी आम्हाला शिवले". परक्याचा हात देवाला लागला, चुलीला लागला, अंगाला लागला.

आता दुसरी तक्रार ऐका. बाबासाहेबांनी आपल्या "वेटिंग फॉर अ व्हिसा" या आत्मकथनपर लेखनात काठियावाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत दिली आहे. ती १९२९ साली "यंग इंडिया"त पत्ररूपाने आली होती. शिक्षकाची पत्नी बाळंतीण, अंगात ताप. डॉक्टर वस्तीबाहेर थांबला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने रोग्याला हातही न लावता न्यूमोनिया सांगितला. पुढे तो यायलाही तयार झाला नाही. ती बाई मेली.

एका समाजाचे दुःख होते की डॉक्टर आम्हाला शिवतो. दुसऱ्याचे दुःख होते की डॉक्टर आम्हाला शिवत नाही. देशाच्या इतिहासात पहिले दुःख राष्ट्रीय अपमान ठरले. दुसरे कुणाच्या खिजगणतीतही नव्हते. प्लेगच्या काळात मुंबईत जातवार आणि धर्मवार खासगी हॉस्पिटले निघाली, म्हणजे आपल्या जातीच्या माणसाला आपल्याच जातीच्या हातून औषध मिळावे. ज्या जातीत शेठ होते त्यांचे भागले. ज्यांच्यात शेठ नव्हते त्यांना सरकारी शेड किंवा गावाबाहेरच्या माळावरची झोपडी.

आणि याच वेळी कुणी तरी शिवत होते. पुण्याजवळ सावित्रीमाई आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मुंबईत लस तयार होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. त्याच्या महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे "दीनबंधू"चे संपादक रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत प्लेगनेच गेले होते. सत्यशोधक चळवळीने एका महिन्यात आपली दोन माणसे या साथीला दिली. ती सक्तीच्या समर्थनात मेली नाहीत आणि शुद्धतेच्या रक्षणातही मेली नाहीत. रोग्याजवळ बसून मेली. प्लेगच्या इतिहासात तिसरी बाजू होती ती ही. ती सांगितली जात नाही, कारण तिच्यात ना गोळी आहे ना जयंतीची मिरवणूक.

सक्ती नाही, पण दाखला हवा

प्लेगच्या टोचणीची सरसकट सक्ती सरकारने केली नाही. दंगलींचा धसका होता. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत एका मुसलमान विणकर कुटुंबातल्या रोग्याला न्यायला माणसे गेली, तेव्हा दंगल उसळली होती. प्लेग कमिशनही सक्तीच्या विरोधात होते. पण मधला एक मार्ग काढला गेला. टोचून घेतल्याचा दाखला असेल तर रेल्वे प्रवासात अडवणूक किंवा सेग्रिगेशन कँप यातून सवलत. कागदावर हे ऐच्छिकच होते.

ज्याला रोज गिरणीत जायचे आहे, गावाहून मुंबईला यायचे आहे, त्याच्यासाठी सवलत आणि सक्ती यात फरक काय उरतो? हाफकिनच्या लसीने हात सुजायचा, दोन-तीन दिवस सणकून ताप यायचा. बंगल्यातला माणूस पांघरूण घेऊन झोपे. मजुराची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडे. म्हणजे लस फुकट असली तरी गरिबाला ती फुकट नव्हती. ही साधी गोष्ट ज्यांनी ओळखली नाही, त्यांनी गरिबाच्या कचरण्याला "अज्ञान" असे नाव दिले.

मलकोवालचा धडा

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशी बसली. परळच्या प्रयोगशाळेत निर्जंतुकीकरणाची पद्धत बदलली होती आणि कार्बोलिक ॲसिड वगळले होते, म्हणून दोष तिथला, असे ठरले. हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. पण गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, ही साक्ष कागदात दडून राहिली. कागदपत्रे जनतेसमोर यायला चार वर्षे लागली. रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या "टाइम्स"मध्ये जाहीर पत्र लिहून आवाज उठवला, तेव्हा हाफकिन निर्दोष ठरले.

हाफकिनवर झालेला अन्याय आपण जाणतो. परळच्या संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव दिले गेले आणि ते योग्यच झाले. पण या गोष्टीचा दुसरा भाग पाहा. सरकारने चार वर्षे खरे काय ते लोकांना सांगितले नाही. लोकांनी आपला निष्कर्ष आपणच काढला की सुई म्हणजे मरण. पंजाबात लाखो लोकांना टोचण्याची योजना होती, ती कोसळली. १९०७ या एकाच वर्षात पंजाबात पाच लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली. ती सगळी लसीने वाचली असती, असे कुणी म्हणू नये. पण बरीच वाचू शकली असती.

मलकोवालमध्ये १९ माणसे एका घाणेरड्या चिमट्याने मारली. त्यानंतरची कित्येक माणसे लपवालपवीने मारली. लसीला सर्वांत मोठा धोका अफवेपासून नसतो. सरकार खरे सांगत नाही, तिथून तो सुरू होतो. अफवा तिथलीच रिकामी जागा भरते.

१२३ वर्षांनंतर

मार्च २०२० मध्ये कोरोना आला आणि सरकारने कपाटातून काय काढले? तोच १८९७ चा कायदा! राज्यघटना आली, मूलभूत हक्क आले, पण साथीच्या वेळी लोकांशी बोलायची भाषा रँडच्या काळातलीच राहिली.

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. दिल्लीच्या एम्समध्ये देशातली पहिली लस एका सफाई कामगाराला दिली गेली. टाळ्या वाजल्या. आम्हालाही बरे वाटले. पण त्या दिवशी कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल आलेला नव्हता. तिला "क्लिनिकल ट्रायल मोड"मध्ये मंजुरी होती आणि घेणाऱ्याकडून जे संमतिपत्र भरून घेतले जाई, त्यात परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे असे लिहिलेले होते. त्याच दिवशी दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरांनी पत्र लिहून कोव्हिशिल्ड मागितली. डॉक्टरांनी शंका घेतली तेव्हा ती "चिंता" ठरली. वस्तीतल्या माणसाने घेतली तेव्हा ती "अफवा" ठरली. भायखळ्याच्या तुरुंगापासून एम्सपर्यंत रांगेत पहिले कोण उभे राहते आणि प्रश्न विचारायचा अधिकार कुणाला असतो, हे पाहा.

मार्चमध्ये कोव्हॅक्सिनचे अंतरिम निकाल आले, ते चांगले होते. दोन्ही लसींनी गंभीर आजार आणि मृत्यू टाळले, हे पुढे दिसून आले. लागण मात्र लस घेऊनही होत होती. कोव्हिशिल्डमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, हे युरोपातल्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच सांगितले होते. हे सगळे एकाच वेळी खरे असू शकते. पण आपल्याकडे जो फायदा सांगेल तो सरकारचा चमचा आणि जो दुष्परिणाम सांगेल तो देशद्रोही, अशी वाटणी झाली.

१ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना ऑनलाइन नोंदणीशिवाय लस नव्हती. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांनी काय करायचे, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयाला विचारावे लागले. खासगी हॉस्पिटलात कोव्हॅक्सिनसाठी बाराशे रुपये दर ठरला होता. १३ मे रोजी कोव्हिशिल्डच्या दोन डोसमधले अंतर १२ ते १६ आठवडे केले गेले. आणि १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल कुणासाठी सुरू झाली? दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांसाठी!

मावशींचा हिशेब लावून पाहा. पहिला डोस जूनमध्ये. दुसरा नियमानेच सप्टेंबरच्या आधी मिळणे शक्य नाही. म्हणजे स्वातंत्र्यदिनी सुरू झालेल्या लोकलमध्ये त्यांना ऑक्टोबर उजाडेपर्यंत जागा नाही. त्यांनी लस नाकारली नव्हती. सरकारने जो दिवस दिला त्या दिवशी त्या रांगेत उभ्या होत्या. तरी दंड त्यांनाच. बस आणि शेअर रिक्षा बदलत कामावर पोचायला त्यांना दुप्पट पैसे लागत. प्लेगचा दाखला आणि लोकलचा क्यूआर कोड यात फरक फक्त कागदाचा!

२ मे २०२२ रोजी जेकब पुलियल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांचे ते खंडपीठ होते. न्यायालयाने म्हटले की सरकारचे लस धोरण अवाजवी नाही, लसी पुराव्यावर उभ्या आहेत. पण अनुच्छेद २१ नुसार आपल्या शरीरावर आपला अधिकार आहे आणि कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. लस न घेतलेल्यांकडूनच जास्त फैलाव होतो असा पुरावा समोर नसल्याने त्यांच्यावरची बंधने प्रमाणबद्ध नाहीत. चाचण्यांची माहिती आणि दुष्परिणामांच्या नोंदी लोकांसमोर ठेवा. लसही खरी आणि संमतीही हवी, हे एकाच निकालात आले. १८९७ च्या चार कलमांना दिलेले हे घटनेचे उत्तर आहे. ते यायला सव्वाशे वर्षे लागली आणि बाबासाहेबांची घटना लागली.

तरी एक रकाना रिकामाच आहे. लसीच्या दुष्परिणामाने कुणी दगावले तर? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितले की लस ऐच्छिक होती, त्यामुळे सरकार नुकसानभरपाईला जबाबदार नाही. लोकलच्या दारात ती सक्तीची होती आणि कोर्टात ती ऐच्छिक झाली! ब्रिटनने लसीने इजा झालेल्यांना भरपाई देण्याचा कायदा १९७९ सालीच केला आहे. सर्वांच्या भल्यासाठी एखाद्याने धोका पत्करला तर त्याची झळ सर्वांनी वाटून घ्यावी, हा त्यामागचा साधा न्याय. बंधुता म्हणतात ती हीच.

आपली भूमिका

आपल्यातही काही जण लसविरोधी प्रचाराला भुलले, हे कबूल केले पाहिजे. "मनुवादी सरकारची लस आम्ही का घ्यावी," असे मेसेज आमच्याच ग्रुपवर फिरत होते. सरकारवर अविश्वास असणे समजू शकतो. पण सरकार मनुवादी असले म्हणून विषाणू आंबेडकरवादी होत नाही. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी काहींनी स्वतः गुपचूप दोन्ही डोस घेतले होते. वस्तीतली माणसे मात्र त्यांचे ऐकून थांबली. ही जबाबदारी आपली आहे.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणून मानू नका. तपासा आणि बहुजनांच्या हिताचे असेल तर स्वीकारा. लोक यातला पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतात. पण तपासून हिताचे निघाले तर स्वीकारायचे, हाही त्याच उपदेशाचा भाग आहे. गांधीजींनी देवीच्या लसीला विरोध केला, तो तिला अपवित्र मानून. आपला प्रश्न पवित्र-अपवित्राचा नसतो. आपला प्रश्न असतो, पुरावा दाखवा.

म्हणून पुढच्या साथीच्या वेळी, आणि ती येणारच आहे, आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. लस फुकट द्या आणि वस्तीत आणून द्या. चाचणीचे आकडे मराठीत, सगळ्यांना वाचता येतील असे लावा. तापाच्या दोन दिवसांची मजुरी भरून द्या. इजा झाली तर भरपाईचा कायदा करा. दाखला नाही म्हणून कुणाची रोजी तोडू नका. आणि १८९७ चा कायदा बाजूला सारून लोकांचे हक्क लिहिलेला नवा कायदा आणा.

मावशींनी दुसरा डोस सप्टेंबरमध्ये घेतला. दोन दिवस ताप आला, बाईंनी दोन दिवसांचे पैसे कापले. त्या परत विहारात आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी लस घेतली ती माझ्या नातवासाठी. बाईसाठी नाही. पण त्या दोन दिवसांचे पैसे कुणाकडे मागायचे, ते तेवढं लिहून ठेवा."

आम्ही ते इथे लिहून ठेवतो आहोत.

जय भीम! जय सावित्री!